तिसऱ्या गिअरची परीक्षा

सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते पायांपासून.

जालन्याच्या एका शाळेत मी नुकतीच मराठीची बाई म्हणून लागले होते. बदनापूरहून रोज रेल्वेनं ये-जा करून जीव मेटाकुटीला आला होता. आपल्याच शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांकडे, मस्तगडात, मागची खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून एका रविवारी गेले. फाटक ढकललं तर अंगणात पत्र्याची शेड, शेडमध्ये दोन दारांची, बुटकी, लालभडक मोटार आणि मोटारीखालून बाहेर आलेली दोन पावलं. माणूस कुठं दिसेना. खाकरावं की हाक मारावी या विचारात मी होते, तेवढ्यात मोटारीखालून आवाज आला.

“कोन हाये? चपलेचा अंगठा तुटलेला दिसून राह्यला. डावा पाय धड हाये ना?”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“मंग आत बसा. जल्दी. डावीकडचा पेडल दाबा.”

एस.टी. सोडली तर मी जन्मात कधी मोटारीत बसले नव्हते. पण त्या आवाजात अशी काही जरब होती की मी साडी आवरून स्टिअरिंगमागच्या सीटवर जाऊन बसले आणि पेडल दाबला. “सोडा. हळू. आनखी हळू. परत दाबा. तिथंच धरा, हालू नका.” माझ्या पोटरीला गोळे आले. तेवढ्यात घरातून एक पांढऱ्या लुगड्यातली बाई धावत आली आणि तिनं कपाळाला हात लावला.

“अरे भाऊ, ती खोली बघायला आली असंल! तिला काय करायला लावून राह्यलास?”

 गाडीखालून आवाज आला, “पाय चांगला हाये. खोली देऊन टाक, आक्का.”

त्या काळी खोली मागायला गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा यायचा. मी उत्तर घोटून गेले होते, नकार ऐकायचीही तयारी करून गेले होते. आणि इथं एका माणसानं माझं तोंडसुद्धा न बघता खोली दिली होती. मी सुन्न होऊन गाडीतच बसून राहिले. आडनाव आक्कांनी विचारलं, नंतर, स्वयंपाकघरात. मी सांगितलं. त्या चुलीवरच्या आधणाकडं वळल्या आणि म्हणाल्या, “चहात साखर किती लागती?” तेवढ्यावर तो विषय संपला.

आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेली. सरांची बायको वारल्यावर घर सांभाळायला आलेली. त्याआधी त्या अंबडला दुसऱ्या भावाकडं होत्या. अंबडचं नाव निघालं की त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “तिथं मला जेवायला वाढतेत, पोरी. पण बस म्हनत न्हाईत.”

तर ती मोटार. निजामी गेल्यावर कुठल्याशा जहागीरदारानं टाकून दिलेली परदेशी शर्यतीची गाडी सरांनी तरुणपणी मिळवली होती. इंजिन मोठं तगडं. पण सर म्हणायचे, नुसतं इंजिन तगडं असून काय करायचं? त्याचा जोर चाकांपर्यंत पोचला पाहिजे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक चकती असते, क्लचप्लेट. ती इंजिनाला घट्ट चिकटली तर जोर पुढं जातो, निसटली तर इंजिन बोंबलत राहतं आणि गाडी जागच्या जागी. त्याची परीक्षा सोपी. हँडब्रेक ओढायचा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकायची, क्लचवरून पाय काढायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन धाडकन बंद पडतं. बंद पडलं नाही, नुसतं गरगरत राहिलं, तर समजायचं की क्लच निसटतोय.

सर ही परीक्षा माणसांचीही घ्यायचे. मुख्याध्यापकांनी शिस्तीवर लांबलचक भाषण केलं की सर माझ्या कानाशी पुटपुटायचे, “इंजिन बोंबलून राह्यलं, चाकाला खबर न्हाई.” शाळेत एक पुढारी आले होते. त्यांच्या भाषणानंतर सरांनी उभं राहून भर सभेत विचारलं होतं, “साहेब, तिसऱ्या गिअरला बंद पडता का तुम्ही?” पुढाऱ्यांना काही कळलं नाही. मुख्याध्यापकांना कळलं आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. मला त्या दिवशी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, कारण सर माझ्याच शेजारी बसले होते.

बोलतील ते करायचे, हे मात्र खरं. प्रयोगशाळेला धड तराजू मिळाला नाही तर मी वर्गात पाऊल टाकणार नाही, असं एकदा म्हणाले आणि सबंध वर्ष पोरांना लिंबाखाली शिकवलं. पावसात छत्री घेऊन शिकवलं. छत्री गरगर फिरवायची, पोरांच्या तोंडावर पाणी उडवायचं आणि विचारायचं, “थेंब मधी का ऱ्हात न्हाई? बाहेर काहून पळतो?” पोरं भिजून चिंब, आणि उत्तर मात्र सगळ्यांना पाठ. मी वर्गातून हे बघायची आणि मनात म्हणायची, हा माणूस एक तर फार मोठा शिक्षक आहे, नाही तर याला कुणीतरी आवरायला पाहिजे.

मी हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावते. लावत नाही. त्या घरात राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आक्कांनी मला सांगितलं, “पोरी, फळीवरची लोणच्याची बरनी घे गं.” मी बरणी काढली, झाकण उघडलं, आत पळी घातली, तर खणकन आवाज. पळीतून वर आलं ते दातेरी लोखंडी चाक. घासलेटात भिजलेलं. मी किंचाळले. आक्का अजिबात दचकल्या नाहीत. “ती भाऊची. आपली तिच्या पल्याडली,” म्हणाल्या. आपली बरणीही तशीच दिसायची. त्या घरात मी लोणचं खाताना आधी वास घेत असे.

ती चाकं गिअरबॉक्समधली. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये फार अंतर आहे, चढावर दुसऱ्याचा दम संपतो आणि तिसरा पेलत नाही, हे सरांचं निदान. म्हणून औरंगाबादच्या भंगारातून शोधून आणलेली चाकं ते बसवणार होते. दुसरं निदान असं की गिअर पडताना कर्रर आवाज होतो, म्हणजे आतलं पितळी कडं झिजलंय. दोन चाकांचा वेग सारखा करायचं काम त्या कड्याचं. परदेशी कडं मिळेना, तर जुन्या जालन्यातल्या एका तांबटाला गाठलं. तो बिचारा घागरी घडवणारा. त्यानं घडवलेलं कडं सरांनी आणलं आणि रात्रीच्या जेवणात भाकरीशेजारी ताटात ठेवलं. जेवताना बघत होते.

तिसरं काम क्लचचं. मूळच्या स्प्रिंगा लेच्यापेच्या, म्हणून कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भंगारातल्या कडक स्प्रिंगा लावल्या. आता क्लचप्लेट इंजिनाला अशी चिकटणार की सुटायची नाही. पण पेडलही असा कडक झाला की मी दोन्ही पायांनी उभी राहिले तरी दबेना. सरांनी डाव्या पायाला तालीम द्यायला सुरुवात केली. शाळेत शिक्षकांच्या खोलीत बसले की समोरच्या टेबलाच्या पायाला डाव्या पायानं रेटायचे. टेबल हळूहळू सरकायचं. पलीकडं बसून वह्या तपासणाऱ्या भूगोलाच्या बाई टेबलाबरोबर खुर्ची मागं घेत घेत एक दिवस भिंतीला टेकल्या. तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं की टेबल चालतंय. त्यांनी त्या खोलीत बसणं सोडलं.

सगळी कामं करायला त्यांच्या मदतीला एक मिस्त्री यायचा. ट्रक दुरुस्त करणारा, दखनी बोलणारा, सरांच्या वयाचा आणि सरांशी सतत भांडणारा. एक गोष्ट मला त्यानं सांगितली नसती तर कधीच कळली नसती.

सर गाडी चालवताना गिअर बदलायच्या आधी दर वेळी “हं” म्हणायचे. क्लच दाबला की “हं”. मग क्षणभर थांबायचे. मग डावा हात गिअरच्या दांड्यावर जायचा आणि कर्रर. मी एकदोनदा त्यांच्याबरोबर बसले तेव्हा मला वाटलं, असेल लकब. मिस्त्रीला म्हटलं तर तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, “वो लकब नहीं है बाई. साब के बाजू में भाभी बैठती थी. साब क्लच दबाते, ‘हं’ बोलते, और गियर भाभी डालती. पूरा जालना देखता था.”

मी आ वासून बघत राहिले. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, आणि हात शर्यतीच्या गाडीच्या गिअरवर! लोक दुकानाच्या फळीवरून उठून बघायचे म्हणे. आणि कधी आवाज नाही. एकदाही नाही.

“आवाज भाभी के जाने के बाद आने लगा,” मिस्त्री म्हणाला. मग पाना उचलून हळूच म्हणाला, “रिंग में क्या खराबी थी, मेरेकू तो दिखी नहीं.”

सर बायकोबद्दल कधी चकार शब्द काढायचे नाहीत. घरात फोटो नव्हता. आक्कांनी वहिनीचा विषय काढला की ते उठून शेडमध्ये जायचे.

त्या घरात भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, आणि दर वर्षी व्हायचं. खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा. धुऊनपुसून पाटावर मांडायची, तेलाचं बोट, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. वहिनी होत्या तेव्हा त्या पहाटे गाडीच्या बॉनेटला कुंकू लावायच्या आणि सर बोंब मारत पेट्रोलच्या फडक्यानं पुसायचे. त्या गेल्यावर आक्कांनी तो वसा घेतला. पहिल्या वर्षी त्यांनी कुंकू लावलं तेव्हा सर असे काही भडकले की गल्ली गोळा झाली. “हे यंत्र हाये, देव न्हाई! रंग खराब होतो! परत माझ्या गाडीला तेल-कुंकू लागलं तर तुझी ट्रंक अंबडच्या एस.टी.त ठेवीन, आक्का, सांगून ठेवतो.”

लिंबाखाली वर्षभर शिकवणारा माणूस. त्याचं बोलणं कुणी थट्टेवारी नेत नसे. आक्का तेव्हापासून शेडच्या उंबऱ्याशीसुद्धा जायच्या नाहीत; तोंडी भांडण मात्र दर खंडेनवमीला व्हायचंच. चहा द्यायचा असेल तर बाहेरून हाक मारायच्या.

आणि सर मला या भांडणात आपल्या बाजूची धरायचे. आमच्या घरात छप्पन्न सालानंतर देव्हारा उरला नव्हता, हळद-कुंकवाशी माझं देणंघेणं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणायचे, “या घरात शहाणी मानसं दोनच, बाई. तुम्ही अन् मी.” मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण आक्का पोळपाट-लाटणं धुऊन एवढ्या मायेनं पाटावर मांडायच्या की त्या वेळी मी शहाण्यांच्या बाजूला आहे याचा मला फारसा अभिमानही वाटायचा नाही.

त्या वर्षी जिनिंगवाल्यांच्या पोरांनी एक टूम काढली. राजूरच्या रस्त्याला एक चांगला लांब चढ आहे, तिथं गाड्यांची शर्यत. त्यातल्या एकाकडं नवीकोरी गाडी आली होती, आणि मास्तरांचं लाल खटारं आता कुंभार पिंपळगावच्या बाजारात मिरच्या न्यायच्या कामाचं, असं तो कुठंतरी बोलला होता. ते सरांच्या कानावर आलं. झालं. महिनाभर शेडमधून ठाकठोक थांबेना.

क्लच बसवून गिअरबॉक्स बंद करायचा दिवस नेमका खंडेनवमीचा आला. सकाळी आक्का आणि मी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलो. गर्दी फार होती, यायला उशीर झाला. परत आलो तेव्हा मिस्त्री सगळे बोल्ट आवळून हात धूत होता. मला आठवतं, कारण आक्का फाटकातूनच म्हणाल्या होत्या, “झाली का बंद? बरं झालं बाई, आता माझ्यावर आळ न्हाई यायचा.” सर हसले नाहीत.

शर्यतीच्या दिवशी आक्का, मिस्त्री आणि मी मिस्त्रीच्या ओळखीच्या ट्रकमधून पुढं जाऊन चढाच्या डोक्यावर उभे राहिलो. अर्धं जालना लोटलं होतं. दोन्ही गाड्या सुटल्या. सरांची लाल गाडी अशी उसळली की मी आक्कांचा हात घट्ट धरला. जिनिंगवाला मागं पडला. गिअर पडले, आवाज नाही, कर्रर नाही. मिस्त्री नाचायला लागला.

आणि निम्म्या चढावर गाडीचा आवाज बदलला. इंजिन किंचाळायला लागलं आणि गाडी मात्र मंदावली. आवाज वाढतोय, वेग उतरतोय. नवीकोरी गाडी बाजूनं हॉर्न वाजवत निघून गेली. लोक हसायला लागले. सरांनी गाडी कडेला घेतली. आम्ही धावत खाली गेलो, तर सर स्टिअरिंगमागं ताठ बसलेले. त्यांनी आमच्याकडं बघितलंच नाही. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, क्लचवरून पाय काढला.

इंजिन बंद पडलं नाही. गरगरत राहिलं. सगळ्या लोकांसमोर सरांनी स्वतःच स्वतःच्या गाडीला नापास केलं. 

गाडी घरी आली ती बैलांनी ओढत. राजूरहून रिकामी बैलगाडी घेऊन परत निघालेल्या एका शेतकऱ्यानं बैल सोडून लाल गाडीला जुंपले. वाटेत तो एकदाच बोलला, “मास्तर, बैलाला क्लच नसतो, ते बरं हाये बघा.” सरांनी स्टिअरिंग तेवढं सरळ धरलं. 

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवला. सर गाडीशेजारी स्टुलावर बसले होते. मी दाराशी उभी. आक्का नेहमीसारख्या शेडच्या बाहेर, चहाचे पेले हातात. मिस्त्रीनं क्लचप्लेट काढली, उजेडात धरली, वास घेतला आणि त्याचा चेहराच बदलला.

“साब, ये तो तेल है. और ये देखो, लाल. कुंकू है ये!”

क्लचप्लेट कोरडी ठणठणीत असावी लागते. तेलाचा थेंब लागला की ती निसटलीच. एवढं मलाही त्या घरात राहून कळत होतं. चकतीवर मधून कडेपर्यंत गेलेल्या तांबड्या तेलकट रेघा होत्या. मिस्त्री गर्रकन वळला. त्याचा आवाज चढला होता. बिचाऱ्याची महिनाभराची मेहनत होती ती.

“आक्का, कायकू किया तुमने? इत्ती मेहनत, सब मिट्टी! बोला था ना साब ने, हात नक्को लगाव बोलके!”

“मी न्हाई लावलं,” आक्का म्हणाल्या.

“तो किसने लगाया? मैंने? बाई ने?”

“मी न्हाई रे लावलं,” आक्का परत म्हणाल्या, पण आता त्या मिस्त्रीकडं नाही, भावाकडं बघत होत्या. मी म्हटलं, “आक्का माझ्याबरोबर बाजारात होत्या. गिअरबॉक्स बंद होईपर्यंत माझ्याबरोबर होत्या.” मिस्त्री म्हणाला, मग आदल्या दिवशी लावलं असेल. सर प्लेट हातात घेऊन बसले होते. मान खाली. एक शब्द नाही.

आक्का थांबल्या. चांगल्या थांबल्या. मग त्यांनी चहाचे पेले जमिनीवर ठेवले आणि आत गेल्या. थोड्या वेळानं घरातून खरखर आवाज आला. फरशीवरून ट्रंक ओढल्याचा.

आणि सर बसूनच होते. मुख्याध्यापकांना, पुढाऱ्यांना, जगाला सुनावणारा माणूस, आणि सख्खी बहीण घरातून निघाली तरी बसून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वयानं, मानानं मोठे होते, मी त्यांच्या घरात राहत होते, तरी मी बोलले.

“सर, आता टाका ना तिसरा गिअर. बघू तरी, तुमचं इंजिन बंद पडतं का.”

सरांनी मान वर केली. त्यांचे डोळे बघून माझा राग जागच्या जागी थिजला.

“मी लावलं,” ते म्हणाले.

मिस्त्रीच्या हातून पाना पडला. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कुणी लावलं? यांनी? पेट्रोलचं फडकं घेऊन धावणाऱ्या यांनी?

दारात आक्का उभ्या होत्या, ट्रंकेची कडी हातात धरून. सर त्यांच्याकडं बघत म्हणाले, “तुम्ही दोघी फुलाला गेल्त्या, मिस्त्री चहाला गेल्ता. मी एकटाच व्हतो. तिचा करंडा कपाटात हाये अजून. ती दरसाली लावायची, मी पुसायचो. शर्यतीत पहिल्यांदा बाजूची सीट रिकामी ऱ्हानार व्हती. मला भ्या वाटलं, आक्का. बॉनेटला लावलं असतं तर तुला दिसलं असतं. म्हनून आत लावलं, इंजिनाच्या मागल्या लोखंडी चाकाला, मधोमध, जिथं क्लचप्लेट टेकत न्हाई अन् परत कुनी बघनार न्हाई. कोरडं लोखंडाला धरंना, म्हनून तेलात कालवलं. थेंबभर.” मग हातातल्या प्लेटवरच्या रेघांकडं बघून म्हणाले, “पोरांना छत्री फिरवून दाखवतो मी. थेंब मधी ऱ्हात न्हाई म्हनून.”

मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. धक्का बसला हे तर खरंच. पण ‘शहाणी मानसं दोनच’ म्हणणारा माणूस चोरून कपाट उघडतोय, करंड्यात बोट बुडवतोय, हे डोळ्यांसमोर आलं आणि मला रडूच आलं. मिस्त्री पाठ करून उभा राहिला.

आक्का मात्र रडल्या नाहीत.

“ते ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “वहिनीची आठवन आली, तू लावलं, मला काही म्हननं न्हाई. पन मिस्त्री मला बोलत व्हता तव्हा तू काहून गप बसलास?”

सरांनी प्लेट खाली ठेवली.

“म्या ट्रंक भरली तवर गप बसलास. ही परकी पोरगी बोलली, तू न्हाई बोललास.” त्यांनी ट्रंक उचलली, अंगण ओलांडलं, फाटकाबाहेर गल्लीत ठेवली आणि तिच्यावर बसल्या. “अंबडला बस म्हनत न्हाईत, बराबर हाये. पन माझ्यावर खोटा आळ येऊ देऊन गपही बसत न्हाईत. टांगा आला की मी चालले.”

गल्लीत बायका दाराशी आल्या. समोरचा शिंपी मशीन थांबवून बघू लागला. मी आक्कांचे पाय धरायच्या बेतात होते, तेवढ्यात सर घरात गेले आणि बाहेर आले. हातात एक लहानसा चांदीचा करंडा. तो त्यांनी आक्कांपुढं धरला.

“चल. लाव. बॉनेटला लाव. दिसंल असं.”

“मी न्हाई लावत,” आक्का म्हणाल्या. “तूच लाव. गल्ली बघून राह्यली, तिच्यासमोर लाव.”

सर वळले. मिस्त्रीनं आणि मी मिळून गाडी फाटकापर्यंत ढकलत आणली. विज्ञानाच्या सरांनी सगळ्या गल्लीसमोर करंड्यात बोट बुडवलं आणि बॉनेटवर टेकवलं.  आणि लाल गाडीवर ते लाल कुंकू काही केल्या दिसेना. त्यांनी परत लावलं. परत लावलं. बावरून इकडंतिकडं बघू लागले.

“आधी हळद लाव, येड्या,” ट्रंकेवरून आक्का ओरडल्या. “हळदीवर कुंकू दिसतं.”

हळद आणायला मी आत धावले. परत आले तेव्हा आक्का ट्रंकेवरून उठून गाडीपाशी आल्या होत्या आणि कुठं लावायचं ती जागा बोटानं दाखवत होत्या. सरांनी हळद लावली, तिच्यावर कुंकू लावलं. वेडंवाकडं, ओघळलेलं, पार गल्लीच्या टोकावरून दिसेल एवढं मोठं. टांगा येऊन थांबला होता. आक्कांनी त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. ट्रंक सरांनी आत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओरडण्यानंच जागी झाले. बाहेर येऊन बघते तर सर शेडमध्ये, केस पिंजारलेले, बॉनेट लख्ख, आणि सर गल्ली गोळा होईल अशा आवाजात ओरडत होते, “पुसलं कुनी? कुनी पुसलं ते?”

आक्का शेडच्या आत उभ्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आत. हातात पेट्रोलचं फडकं.

“म्या पुसलं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “रंग खराब होतो म्हन्तोस ना.”

सर त्यांच्याकडं बघत राहिले. मी दारातच खिळले. आता हा माणूस काय करील याचा मला अंदाज येईना, इतक्या दिवसांत कधी आलाच नव्हता. मग सरांनी डावा हात हळूच पुढं केला आणि म्हणाले, “हं.”

आक्कांनी पदराखालून करंडा काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला.